राउटरचे चारही पोर्ट भरले, आता पुढची वायर कुठे जोडू?

अंत्रुजकर · रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. चवथ तीन आठवड्यांवर आली. मुंबईचे दोन्ही काका आणि पुण्याची आत्या आपापल्या गोतावळ्यासह येणार, घरात पंचवीस-तीस माणसं होणार. त्याआधी नेटचं एकदाचं मार्गी लागावं म्हणून हा धागा काढतो.

घर म्हार्दोळजवळ, पणजोबांनी बांधलेलं. मधे राजांगण, भोवती खोल्या, चिऱ्याच्या भिंती दीड हात जाड. ओसरीत कंपनीची फायबरची पेटी आहे, तिला आम्ही सगळे मोडेम म्हणतो. तिच्यातून एक वायर माझ्या राउटरच्या निळ्या पोर्टला जाते. राउटरला चार पिवळे पोर्ट. त्यांवर माझा कॉम्प्युटर, दिवाणखान्यातला टीव्ही, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि प्रिंटर. झाले चार.

आता राहिले माडीवरचा मुलाचा गेमचा डबा आणि मागच्या खोलीतला भावाचा ऑफिसचा कॉम्प्युटर. भाऊ घरून काम करतो, वायफायवर त्याची मीटिंग मधेच तुटते. तिसरं अंगणापलीकडचं कोठार, तिथे आता पाहुण्यांची खोली केली आहे.

फोंड्याच्या बाजारातून आठ पोर्टचा स्विच (एका नेटच्या वायरीवर अनेक यंत्रं जोडून देणारा डबा) आणला. नेट घरात जिथे शिरतं तिथेच वाटून घ्यावं, असा विचार केला. पेटीची वायर स्विचला लावली, स्विचमधून एक राउटरला आणि एक थेट भावाच्या कॉम्प्युटरला. राउटरवरचं सगळं नीट चालतं, भावाच्या कॉम्प्युटरवर मात्र पिवळा त्रिकोण. वायर बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, तरी तेच. स्विच खराब निघाला का? दुकानदार बदलून द्यायला तयार आहे, पण आधी तुम्हाला विचारावं म्हटलं.

मांडवीकाठ · रविवार, रात्री ९.३२

स्विच परत नेऊ नका. आधी दोन गोष्टी सांगा. राउटरमध्ये कंपनीने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड भरलेलं आहे का? आणि भावाच्या कॉम्प्युटरवर आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातला त्याचा नंबर, कोणता दिसतो?

खाजेवाला · रविवार, रात्री ९.४०

दीडशे रुपयांत एका पोर्टाचे दोन करणारा जोड मिळतो की. एक तोंड राउटरला, दोन तोंडं आपल्याला. माझ्या भाच्याने आणलाय. स्विचचा खर्च कशाला?

अंत्रुजकर · रविवार, रात्री ९.५५

@मांडवीकाठ, हो, युजरनेम-पासवर्ड राउटरमध्येच आहे, जोडणीच्या दिवशी कंपनीच्या माणसाने भरून दिलं होतं. भावाच्या कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो.

मांडवीकाठ · रविवार, रात्री १०.२०

मग स्विच ठणठणीत आहे, त्याची जागा तेवढी चुकली.

तुमची पेटी फक्त प्रकाशाची भाषा वायरीच्या भाषेत उतरवते. फायबरमधून १४९० नॅनोमीटरचा प्रकाश घरात येतो, १३१० चा बाहेर जातो, आणि पेटीच्या मागच्या पोर्टावर साधं इथरनेट मिळतं. लॉगिन राउटर करतो. कंपनी त्या लॉगिनला एक पत्ता देते, तो राउटरने घेतला. त्या एका पत्त्याच्या आडून राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला आपला खासगी पत्ता वाटतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. भावाचा कॉम्प्युटर राउटरच्या अलीकडे बसला, वाटप सुरू व्हायच्या आधीच्या जागी. त्याने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून स्वतःच १६९.२५४ वाला लावून घेतला. हा पत्ता दिसला की समजायचं, पत्ता वाटणाऱ्यापर्यंत आपली हाक पोचली नाही.

करायचं एवढंच. पेटीची वायर पूर्वीसारखी थेट राउटरच्या निळ्या पोर्टला लावा. चार पिवळ्यांपैकी एक मोकळा करा आणि त्यातून एक वायर स्विचच्या कुठल्याही पोर्टला न्या. त्या पोर्टावरचं यंत्र स्विचवर घ्या. राउटरचे उरलेले तीन आणि स्विचचे उरलेले सात, दहा यंत्रांची सोय झाली. साध्या स्विचला सेटिंग काही नसतं, वीज द्या आणि वायर खुपसा.

साष्टीकर · रविवार, रात्री १०.४१

थोडा असहमत. माझ्याकडे मडगावात कंपनीच्या पेटीलाच स्विच लावलाय, मधे वेगळा राउटर नाही, आणि टीव्ही, लॅपटॉप, दोन कॅमेरे सगळं चालतं. तेव्हा पेटीला स्विच चालत नाही असं सरसकट नाही म्हणता येणार.

मांडवीकाठ · रविवार, रात्री १०.५०

बरोबर आहे तुमचं. तुमच्या पेटीत राउटर आतच आहे, लॉगिन तीच करते, पत्तेही तीच वाटते. अंत्रुजकरांची पेटी ब्रिज मोडमध्ये आहे, ती फक्त वाट करून देते. म्हणून आधी युजरनेम कुठे भरलंय ते विचारलं. तेव्हा नियम असा: पत्ते जो वाटतो त्याच्या पुढे स्विच लावायचा.

कुशावती · रविवार, रात्री ११.०५

यात तिसराही एक प्रकार आहे, त्यात मी सहा महिने काढले. पेटीत राउटर आतच होता आणि त्याच्या मागे मी स्वतःचा दुसरा राउटर लावला. दोन्ही पत्ते वाटत बसले. प्रिंटर पेटीला जोडलेला, लॅपटॉप माझ्या राउटरला. नेट दोघांनाही होतं, पण पत्ते वेगळे आणि प्रिंटर लॅपटॉपला काही केल्या सापडत नव्हता. शेवटी माझ्या राउटरमधलं पत्ते वाटणं (डीएचसीपी) बंद केलं, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, कारण पेटीचा १९२.१६८.१.१ होता, आणि पेटीची वायर त्याच्या निळ्या पोर्टातून काढून पिवळ्यात लावली. त्या दिवसापासून तो राउटर स्विचचंच काम करतोय, वर वायफायही देतो. जुना राउटर घरात पडून असेल तर नवा स्विच घ्यायचीही गरज नाही. फक्त हे तिन्ही बदल केल्याशिवाय तो जोडू नका.

जुना वायरमन · सोमवार, सकाळी ७.१५

खाजेवाला, भाच्याला सांगा की तो जोड परत कर. तो नुसता वायरींचा जोड आहे, आत अक्कल नाही. त्याची दोन्ही तोंडं एकाच वेळी दोन यंत्रांना लावली तर एकाचं बोलणं दुसऱ्यात मिसळतं आणि दोघांचंही नेट जातं. दुसऱ्या प्रकारचे जोड असतात, ते एका केबलमधल्या चार जोड्या दोन-दोन करून वाटतात. पण ते केबलच्या दोन्ही टोकांना लावावे लागतात, राउटरचे दोन पोर्ट अडवतात आणि वेग शंभर एमबीपीएसच्या वर जात नाही. म्हणजे पोर्ट वाढला कुठे? हजार-दीड हजारात पाच पोर्टचा चांगला गिगाबिट (हजार एमबीपीएसचा) स्विच मिळतो, तो घ्या.

मी चाळीस वर्षं म्हापशात वायरिंग केलं. २००० सालच्या आसपास सायबर कॅफेंच्या वायरी घातल्या, तेव्हा हब असायचे. एक कॉम्प्युटर बोलला की हब ते सगळ्यांना ऐकवायचा आणि दोघे एकदम बोलले की दोघांनाही थांबून पुन्हा बोलावं लागायचं. स्विच कुठलं यंत्र कुठल्या पोर्टावर आहे ते लक्षात ठेवतो आणि ज्याचं त्याला पोचवतो.

सत्तरीची सून · सोमवार, सकाळी ८.२०

काका, याच्यावरच एक शंका. स्विचला आठ यंत्रं लावली तर वेग आठ जणांत वाटला जातो का? आमच्या होमस्टेच्या तीन खोल्यांत वायर द्यायची आहे आणि घरच्यांचं म्हणणं की प्रत्येकाला तिसरा हिस्सा मिळणार.

मांडवीकाठ · सोमवार, सकाळी ९.००

@सत्तरीची सून, ताई, स्विच हिस्से पाडत नाही. बाहेरून येणारं नेट, समजा २०० एमबीपीएस, ज्या क्षणी जो वापरतो त्याला मिळतं. दोन खोल्या रिकाम्या असतील तर तिसरीला पूर्ण. तिघेही एकदम मोठ्या फायली उतरवायला लागले तर वाटलं जाईल, पण ते वायफायवरही होतंच. 4के सिनेमाला साधारण १५ ते २५ एमबीपीएस पुरतात, तेव्हा तीन खोल्यांत तीन सिनेमे चालले तरी निम्मं शिल्लक. आणि घरातल्या घरात एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल टाकताना बाहेरच्या नेटचा संबंधच येत नाही, तिथे स्विचचा पूर्ण गिगाबिट मिळतो.

पुणेकर गोंयकार · सोमवार, सकाळी ११.३०

मला एक कळत नाही, आजच्या काळात भिंती कोरून वायरी कशाला घालायच्या? तीन मेश युनिट (एकमेकांशी बोलून वायफाय पुढे पसरवणारे डबे) ठेवा, दहा मिनिटांत घरभर वायफाय. माझ्या फ्लॅटमध्ये एकही वायर नाही.

कुशावती · सोमवार, दुपारी १.१०

दादा, तुमच्या फ्लॅटच्या भिंती चार-सहा इंची असतील. केप्याच्या आमच्या घरात स्वयंपाकघर आणि राउटर यांच्यात चिऱ्याच्या दोन भिंती आहेत. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पहिल्या भिंतीतच दम तोडतं, २.४ वालं दुसरीपर्यंत रडतखडत पोचतं. आणि चिरा सच्छिद्र, पावसात पाणी पितो. ओली भिंत रेडिओलहरी आणखी खाते. एप्रिलमध्ये माझी मीटिंग ज्या कोपऱ्यात नीट चालायची त्याच कोपऱ्यात जुलैत आवाज तुटायला लागला. राउटर तोच, टेबल तेच. मेशची दोन युनिट मीही घेतली, पण ती एकमेकांशी त्याच भिंतींतून बोलणार. शेवटी दोन्ही युनिटांच्या मधे वायर टाकली तेव्हा कुठे त्यांचं चीज झालं.

पुणेकर गोंयकार · सोमवार, दुपारी १.४०

हे मान्य. आजोळच्या घराच्या भिंती आठवल्या, खिडकीच्या कोनाड्यात आम्ही मुलं बसून वाचायचो इतक्या जाड. तिथे वायरच हवी.

साष्टीकर · सोमवार, दुपारी २.१५

माझा सरळ हिशोब: जे यंत्र जागचं हलत नाही त्याला वायर, जे हातात फिरतं त्याला वायफाय. टीव्ही, रेकॉर्डर, डेस्कटॉप वायरीवर गेले की वायफायवरची गर्दीही कमी होते आणि फोन सुखी होतात.

एक अपवाद आहे. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा वायरीचा पोर्ट आजही १०० एमबीपीएसचाच असतो. वायर लावल्यावर टीव्हीवर वेग ९०-९५ दिसला तर घाबरू नका, सिनेमाला तो भरपूर आहे.

अंत्रुजकर · सोमवार, रात्री ८.४५

मांडवीकाठ, तुमच्या सांगण्याप्रमाणे स्विच राउटरच्या पुढे घेतला. भावाच्या कॉम्प्युटरला लगेच १९२.१६८ चा पत्ता आला आणि नेट सुरू! देव बरें करूं. आईने लगेच चहा टाकला.

आता पुढचं. माझ्या कॉम्प्युटरवर वेग १९५ दिसतो, आमचा प्लॅन २०० चा. भावाकडे मात्र काटेकोर ९४. दहा वेळा मोजलं, ९४ च. साष्टीकरांनी टीव्हीचं सांगितलं, पण हा कॉम्प्युटर नवा आहे, गिगाबिटचा आहे. स्विचवर माझ्या पोर्टचा दिवा हिरवा आणि त्याच्या पोर्टचा केशरी.

जुना वायरमन · सोमवार, रात्री ९.२०

९४ म्हणजे वायरीचं टोक बघायला हवं. त्या खोलीपर्यंतची केबल तयार आणली की टोकं इथे बसवली?

अंत्रुजकर · सोमवार, रात्री ९.२८

ती केबल चार वर्षांपूर्वी कॅमेरेवाल्याने टाकली होती. टोकं त्यानेच बसवली.

जुना वायरमन · सोमवार, रात्री १०.०५

हेच ते. केबलमध्ये आठ तारा, पिळलेल्या चार जोड्या. शंभरच्या वेगाला दोनच जोड्या लागतात, केशरी आणि हिरवी. गिगाबिटला चारही. निळी किंवा तपकिरी जोडी कुठे तुटली, नीट बसली नाही, तर बहुतेक यंत्रं गुपचूप शंभरवर उतरतात. त्यातून मोजलं की ९४ दिसतं, कारण बाकीचे पाकिटांच्या वेष्टणात जातात. नेट चालू असल्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

आता असं करा. प्लग उजेडात धरा, खिटी खालच्या बाजूला आणि सोनेरी पट्ट्या तुमच्याकडे... नाही, शब्दांत घोळ होईल. खिटी खाली, केबल तुमच्या पोटाकडे, म्हणजे डावीकडून पहिली तार एक नंबर. क्रम असा असायला हवा: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आठही तारा प्लगच्या अगदी पुढच्या भिंतीला टेकलेल्या दिसायला हव्यात. एखादी मागे राहिली असेल तर तिच्यावर पट्टीचा दात बसलेलाच नसतो. दोन्ही टोकं बघा.

आणि केबलचं बाहेरचं कवच थोडं कापून तार खरवडून बघा. आत लाल तांबं हवं. वरून तांब्याचा मुलामा आणि आत पांढरट अॅल्युमिनियम निघालं तर ती केबल बदलूनच टाका. ती वाकवली की तुटते, आपल्या दमट हवेत लवकर खराब होते, आणि तिच्यातून वीज पाठवायची असेल तर तापते.

अंत्रुजकर · मंगळवार, रात्री ९.००

काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. खोलीकडच्या प्लगमध्ये शेवटच्या दोन तपकिरी तारा बाकीच्यांपेक्षा भाताच्या दाण्याएवढ्या मागे. शिवाय पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर. भावाने क्रिंपर (प्लग दाबून बसवायची पक्कड) आणला, जुना प्लग छाटला, तारा सरळ केल्या, सगळ्या एका रेषेत कापल्या. पहिला प्लग वाया गेला, दुसरा बसला. दिवा हिरवा झाला आणि वेग १९६. तार खरवडून बघितली, आत तांबंच आहे. चार वर्षं आम्ही अर्ध्या वेगावर होतो आणि कळलंच नाही.

काणकोणचा किनारा · मंगळवार, रात्री ९.३५

ती हिरवट पुटं समुद्राजवळ फारच लवकर येतात. माझ्या खोल्या समुद्रापासून दोनशे पावलांवर, तिथे स्वस्तातले प्लग दोन पावसाळे टिकतात. आता जाड सोनेरी मुलाम्याचे घेतो आणि न वापरलेल्या पोर्टांना रबरी बुचं लावतो. मुंग्यांचाही बंदोबस्त होतो त्यात. एकदा रेकॉर्डर उघडला तर आत तांबड्या मुंग्यांची अंडीच अंडी.

कॅमेरे वायरीवर घेणार असाल तर पीओई स्विच बघा, वीज आणि नेट एकाच केबलमधून जातात. मात्र प्रमाणित पीओई घ्या, तो आधी समोरच्या यंत्राला विचारतो आणि मगच वीज सोडतो, साध्या प्रकारात पोर्टमागे १५.४ वॉटपर्यंत. बाजारात काही इंजेक्टर न विचारता थेट वीज ढकलतात. तशाने माझा एक साधा प्रिंटर गेला.

सत्तरीची सून · बुधवार, सकाळी ७.५०

अंत्रुजकर दादा, तुम्ही अंगणापलीकडच्या कोठाराचं लिहिलंय आणि त्याच्यावर कुणी बोललं नाही, म्हणून कळकळीने लिहितेय. तिथे तांब्याची केबल नेऊ नका.

आमचा होमस्टे वाळपईच्या पुढे, कुळागराच्या कडेला. घरापासून खोल्यांपर्यंत साठेक मीटर. केबल माडांना बांधत वरून नेली होती, दोन वर्षं छान चालली. मग एका मे महिन्याच्या शेवटी संध्याकाळी पाऊस सुरू व्हायच्या आधीचा गडगडाट सुरू झाला. वीज आमच्यावर पडली नाही, पलीकडच्या डोंगरावर कुठेतरी पडली असेल, पण लख्ख उजेड आणि आवाज एकदमच आले. स्वयंपाकघरातून मला जळक्या रबराचा वास आला. बाहेर येऊन बघते तर राउटरच्या ज्या पोर्टला ती केबल होती त्याच्या तोंडाशी काळा डाग, बोटाला काजळी लागली. राउटर गेला, खोलीतला स्विच गेला आणि त्या स्विचवर असलेल्या टीव्हीचा वायरीचा पोर्ट गेला. विजेचे प्लग मी गडगडाट ऐकूनच काढले होते. नेटची केबल काढायचं डोक्यात आलं नाही. तिच्यातूनच आलं सगळं.

दुरुस्तीला आलेल्या मुलाने समजावलं की दोन इमारतींमधली लांब तांब्याची तार ही विजेच्या कडकडाटाला अँटेनाच असते, प्रत्यक्ष वीज पडायची गरज नाही. शिवाय दोन्ही घरांचं अर्थिंग वेगळं, त्यातला फरकही त्या तारेतून वाहतो. आता तिथे फायबर आहे.

मांडवीकाठ · बुधवार, सकाळी ९.१५

सत्तरीच्या ताईंचा हा प्रतिसाद धाग्याच्या वर लावायला हवा. केबलची मर्यादा १०० मीटर, म्हणून लोक म्हणतात की तीस मीटरला काय होतंय. अंतर कापलं जाईल हो, पण विजेचं काय? दोन छपरांमध्ये काच घाला, तांबं नको.

खर्च वाटतो तेवढा नाही. बाहेर टाकायची, टोकं बसवून आलेली फायबर केबल हव्या त्या लांबीची मिळते. दोन्ही बाजूंना एकेक मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरचा प्रकाश आणि वायरीचं नेट यांची अदलाबदल करणारी डबी. एकाच तंतूवर चालणारे घेतले तर जोडी ए आणि बी अशी घ्यावी लागते. एक १३१० वर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट. दोन्ही ए आणले तर दोघेही एकाच सुरात बोलतील आणि कुणालाच ऐकू येणार नाही. दोन्ही गिगाबिटचे घ्या. प्लगचा रंगही बघा. कंपनीच्या पेटीत हिरवा असतो, त्याची काच तिरकी घासलेली. कन्व्हर्टरला बहुधा निळा, सरळ घासलेला. हिरवा निळ्यात खुपसू नका, दोन्ही बिघडतात. उघड्या टोकात डोळा घालून बघायचं नाही, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला चांगला नाही. आणि केबलला ताण घ्यायला आत पोलादी तार असेल तर ती कोठाराच्या भिंतीबाहेरच कापा, आत यंत्रापर्यंत आणू नका.

जुना वायरमन · बुधवार, सकाळी १०.४०

सहमत. अंगणात पाइप गाडून न्या, माडांवरून नको, झावळ पडली की गेली केबल. घरातल्या वायरीबद्दलही एक सांगतो. नेटची केबल विजेच्या तारांच्या पाइपमधून ओढू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. वेगळी पट्टी मारा, वीतभर अंतर ठेवा, ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. कौलांखालच्या माळ्यावर स्विच ठेवू नका, मार्च-एप्रिलमध्ये तिथे भट्टी असते. आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नाव चिकटवा. आज आठवतं, पुढच्या पावसाळ्यात आठवत नाही.

अंत्रुजकर · शनिवार, सकाळी ८.०५

मंडळी, तातडीचं. काल रात्री माडीवरची केबल टाकली, सगळं चालू होतं. आज सकाळपासून घरातलं सगळंच नेट बंद. वायफायसुद्धा! राउटर दोनदा बंद करून चालू केला. पेटीवर लाल दिवा नाही, कंपनीकडे तक्रार नोंदवू का? स्विचचे दिवे वेड्यासारखे लुकलुकताहेत.

मांडवीकाठ · शनिवार, सकाळी ८.१२

सगळे दिवे एकदम, एकाच तालात लुकलुकताहेत का?

अंत्रुजकर · शनिवार, सकाळी ८.१४

हो, सगळे एकदम.

मांडवीकाठ · शनिवार, सकाळी ८.१६

कंपनीला फोन करू नका. कुठल्या तरी केबलची दोन्ही टोकं स्विचमध्येच आहेत. स्विचमधून निघालेली हाक फिरून स्विचमध्येच येते, तो ती पुन्हा सगळ्यांना पाठवतो, ती पुन्हा येते, आणि सेकंदात सगळं जाळं त्यानेच भरून जातं. स्विचमधल्या केबली एकेक करून काढा, कुठली काढल्यावर दिवे शांत होतात बघा.

अंत्रुजकर · शनिवार, सकाळी ८.३०

सापडलं! मुलाला गेमच्या डब्याची मोकळी केबल जमिनीवर दिसली, त्याने मदत म्हणून तिचं दुसरं टोकही स्विचला लावून टाकलं. काढल्याबरोबर सगळं सुरू. त्याला ओरडलो नाही, त्याने व्यवस्थित ठेवायच्या हेतूनेच केलं होतं. उलट त्याला बसवून मांडवीकाठांचा प्रतिसाद वाचून दाखवला. आता नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम त्याच्याकडे.

कुशावती · शनिवार, सकाळी १०.००

शाबास त्या बाळाची. पावसात वीज जाते तेव्हाचंही आत्ताच बघून ठेवा. लोक पेटी आणि राउटर छोट्या बॅटरीवर ठेवतात आणि स्विच विसरतात, मग अंधारात वायरीवरचं सगळं बंद पडतं. मात्र अडॅप्टर वाचून बघा. राउटर बहुधा १२ व्होल्टचा असतो, छोटे स्विच बरेचदा ५ किंवा ९ व्होल्टचे. पिन सारखी दिसली म्हणून १२ ची वायर ५ च्या स्विचला लावू नका.

अंत्रुजकर · पुढचा गुरुवार, रात्री ९.४०

काम संपलं, म्हणून सविस्तर लिहितो.

पेटी ओसरीत आहे तिथेच. तिथून राउटर, राउटरच्या एका पिवळ्या पोर्टातून आठ पोर्टचा स्विच. स्विच देवघराबाहेरच्या कपाटात ठेवला, तिथे गारवा असतो. त्यावर भाऊ, माडी, प्रिंटर आणि कोठार. कोठाराला फायबर नेलं, मांडवीकाठांनी सांगितलं तसे ए आणि बी. दुकानात पोरगा दोन्ही एकाच प्रकारचे देत होता, तुमच्यामुळे थांबवता आलं. तुळशीवृंदावनाच्या मागून अर्धा हात खोल चर खणून पाइप गाडला. कोठारात जुना राउटर कुशावतीताईंच्या पद्धतीने लावला: पत्ते वाटणं बंद, स्वतःचा पत्ता बदललेला, वायर पिवळ्या पोर्टात. तिथे आता टीव्ही वायरीवर आणि पाहुण्यांचे फोन वायफायवर. पेटी, राउटर, स्विच आणि अलीकडचा कन्व्हर्टर बॅटरीवर आहेत, स्विचची वायर ९ व्होल्टची वेगळी.

काल भावाने दीड तासाची मीटिंग केली, बाहेर मुसळधार पाऊस, एकदाही तुटली नाही. माडीवर मुलगा खेळत होता, कोठारात टीव्ही चालू होता. स्विचचे तीन पोर्ट रिकामे आहेत, ते चवथीला येणाऱ्या लॅपटॉपवाल्यांसाठी.

सगळ्यांचे मनापासून आभार. सत्तरीच्या ताईंचे विशेष, मी तांब्याची केबल विकत घेऊन ठेवली होती.

सत्तरीची सून · गुरुवार, रात्री १०.०५

वाचून फार बरं वाटलं दादा. ती तांब्याची केबल घरातल्या घरात वापरा, वाया जाणार नाही.

काणकोणचा किनारा · शुक्रवार, सकाळी ७.३०

मलाही माझ्या मागच्या खोलीपर्यंत फायबरच न्यायचं आहे. कोठारापर्यंत अंतर किती आणि केबल किती मीटरची घेतलीत?

अंत्रुजकर · शुक्रवार, सकाळी ७.४५

मोजून बावीस मीटर भरलं, तीसची घेतली. उरलेली मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून ठेवली आहे, ताट भरेल एवढ्या. दुकानदाराने बजावलं, मूठभर वेटोळं केलं तर आतली काच तडकते.